दोन रिपोर्ट, दोन्ही खरे: आयसोनियाझिडला दाद न देणारा टीबी

पत्र

माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे. पुण्यात एका हॉटेलात कामाला होता, कॉट बेसिसवर एका खोलीत सहा जण राहायचे. दोन महिने खोकला चालला होता. तिथल्या मेडिकलमधून लेव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचं दहा गोळ्यांचं पान आणून त्याने संपवलं. थोडं बरं वाटलं, मग पुन्हा तेच. संध्याकाळचा ताप सुरू झाला आणि वजन ५३ किलोंवरून ४६ वर आलं, तेव्हा आम्ही त्याला इचलकरंजीला घरी आणलं. बेडक्याची ट्रूनॅट तपासणी केली. टीबी निघाला, पण 'रिफाम्पिसिन रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड' असं लिहून आलं. साधा टीबी आहे, सहा महिन्यांत बरा होईल, असं सांगून रोज तीन गोळ्या सुरू केल्या. पंचवीस दिवसांत ताप गेला, वजन दोन किलोंनी वाढलं.

आता केंद्रावरून फोन आला की एलपीए नावाच्या दुसऱ्या तपासणीचा रिपोर्ट आलाय, त्यात 'केटजी म्युटेशन, आयसोनियाझिड रेझिस्टंट' आहे आणि औषध बदलायचंय. आम्ही गोंधळलोय. पहिला रिपोर्ट खोटा होता का? त्याने आयुष्यात टीबीचं औषध घेतलेलं नाही, मग रेझिस्टन्स आला कुठून? जनुकाचा दोष म्हटल्यावर आईने हाय खाल्लीय, धाकट्या बहिणीचं लग्न ठरवायचंय. ओळखीचे मेडिकलवाले म्हणतात, गुण येतोय तर तेच औषध चालू ठेवा आणि वर एक ताकदीची गोळी वाढवा. मी आणि माझी चार वर्षांची मुलगी सध्या माहेरीच आहोत. तिला काही द्यावं लागेल का?

उत्तर

ताई, भावाच्या चालू गोळ्या आज बंद करू नका, आणि केंद्रावर जायला उद्याचा परवाही करू नका. बाकीचं उत्तर लांबलचक आहे म्हणून हे आधी सांगितलं.

आईंची काळजी एका वाक्यात मिटते. रिपोर्टमधलं जनुक तुमच्या भावाचं नाही, जंतूचं आहे. प्रयोगशाळेने बेडक्यातल्या जंतूचा डीएनए तपासला, तुमच्या घराण्याचा नाही. बहिणीच्या लग्नाशी याचा काडीचाही संबंध नाही.

मग त्या जंतूत बिघडलं काय? क्षयाच्या जंतूचा सगळा जनुकीय मजकूर सुमारे ४४ लाख अक्षरांचा आहे आणि त्यात चार हजारांच्या आसपास जनुकं आहेत. १९९८ साली तो पहिल्यांदा अथपासून इतिपर्यंत वाचला गेला. केटजी हे त्यातलंच एक जनुक. त्याच्या ३१५ व्या स्थानी 'एजीसी' ही तीन अक्षरं हवीत, तिथे बहुतेक वेळा 'एसीसी' झालेलं सापडतं. बदललं ते मधलं एकच अक्षर, पण तेवढ्यानं आयसोनियाझिड, म्हणजे टीबीवरच्या दोन मुख्य औषधांपैकी एक, निकामी होतं. कारण ही गोळी जंतूत शिरते तेव्हा तशी निरुपद्रवी असते. तिला जहाल करतं ते जंतूचंच एक एन्झाइम, जे केटजीच्या आज्ञेनुसार तयार होतं. जंतू स्वतःच्या हाताने विष कालवतो, त्या विषाने त्याच्या कवचाचा मेणासारखा थर बनणं थांबतं आणि तो मरतो. ३१५ ला बदल झालेलं एन्झाइम स्वतःचं मूळ काम, म्हणजे जंतूला ऑक्सिजनच्या माऱ्यापासून वाचवणं, बऱ्यापैकी करत राहतं. आयसोनियाझिडचं विष मात्र कालवत नाही. जंतूचं नुकसान जवळपास शून्य, फायदा पुरेपूर. म्हणूनच जगभरात आयसोनियाझिडला दाद न देणाऱ्या जंतूंत हाच बदल सगळ्यांत जास्त दिसतो.

आता दोन रिपोर्टांचं. पहिला खोटा नाही आणि दुसराही खोटा नाही. ट्रूनॅट (हे यंत्र गोव्यात तयार होतं) आधी टीबीचा जंतू आहे का ते पाहतं आणि असला तर दुसऱ्या चिपवर फक्त रिफाम्पिसिन या दुसऱ्या मुख्य औषधाबद्दल सांगतं. त्यासाठी ते आरपीओबी नावाच्या जनुकातल्या बदलांचा शोध घेतं. रिफाम्पिसिनला दाद न देणाऱ्या बहुतेक जंतूंतला बदल या जनुकाच्या ८१ अक्षरांच्या एका छोट्या पट्ट्यात सापडतो, म्हणून हा आडाखा चालतो. सरकारी केंद्रांवरची नेहमीची सीबीनॅट ही तशीच दुसरी तपासणीसुद्धा तेवढंच पाहते. आयसोनियाझिडकडे यांपैकी कुणी बघितलेलंच नव्हतं. 'रिफाम्पिसिन रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड' या ओळीचा अर्थ 'रिफाम्पिसिन चालेल' एवढाच. 'सगळी औषधं चालतील' असा तिचा अर्थ घरच्यांनी घेतला तर समजू शकतं, पण तो अर्थ डॉक्टरांकडूनही सर्रास सांगितला जातो, हे खटकतं. देशपातळीवर २०१४ ते २०१६ मध्ये झालेल्या सर्वेक्षणात पहिल्यांदाच टीबी झालेल्या रुग्णांपैकी सुमारे ११ टक्क्यांच्या जंतूंवर आयसोनियाझिड चालत नव्हतं. म्हणजे साधारण नऊ नव्या रुग्णांत एक. 'साधा टीबी' हे शब्द उच्चारण्याआधी एलपीएची वाट पाहायला हवी ती यासाठी. वाट पाहायची म्हणजे उपचार रोखून धरायचे नाहीत. उपचार सुरू करायचेच, फक्त निकाल अजून अर्धाच आलाय हे ध्यानात ठेवायचं.

एलपीएचा रिपोर्ट हातात मिळाला की स्वतः नीट बघा. ही तपासणी म्हणजे कागदाची पट्टी असते. तिच्यावर ठरावीक ठिकाणी मूळ मजकुराचे आणि बदललेल्या मजकुराचे तुकडे चिकटवलेले असतात आणि जंतूचा डीएनए ज्याच्याशी जुळतो तिथे जांभळट रेघ उमटते. मूळ मजकुराला 'वाइल्ड टाइप', म्हणजे डब्ल्यूटी म्हणतात, बदलाला 'म्यूट'. तुमच्या भावाच्या पट्टीवर केटजीची डब्ल्यूटी रेघ गायब आणि म्यूट-१ ची रेघ हजर असण्याची शक्यता आहे. कधी डब्ल्यूटीही नसते आणि म्यूटही नसते. अशा वेळी बदल झालाय, पण तो पट्टीवरच्या ओळखीच्या बदलांपैकी नाही, असं समजून रेझिस्टन्सच धरतात. आणि दोन्ही रेघा एकत्र उमटल्या तर बेडक्यात दोन प्रकारचे जंतू मिसळलेले आहेत. औषध बदलावं लागतंच. 'निम्मे जंतू तरी चांगले आहेत' असं समाधान मानून चालत नाही.

रिपोर्टमध्ये आणखी एका जनुकाचं नाव पाहा: आयएनएचए. बदल केटजीत नसून फक्त आयएनएचएत असता तर आयसोनियाझिडचा प्रतिकार हलका राहिला असता आणि जास्त मात्रेत ते काही प्रमाणात चाललंही असतं. पण मग इथिओनामाइड नावाचं दुसरं एक औषध बाद झालं असतं, कारण दोन्ही औषधांचा घाव शेवटी एकाच जागी बसतो. केटजीच्या ३१५ च्या बदलात प्रतिकार मोठा असतो. म्हणून तुमच्या प्रश्नापुरतं आयसोनियाझिड हिशेबातून बाहेर.

'कधी औषध घेतलं नाही, मग रेझिस्टन्स कुठून' याचं उत्तर पुण्याच्या त्या खोलीत असू शकतं, हॉटेलच्या भटारखान्यात, एखाद्या बसमध्येही. आपल्या पोटातले कितीतरी जंतू एकमेकांकडून प्रतिकाराची जनुकं उसनी घेतात. क्षयाचा जंतू अशी उसनवारी करत नाही. त्याचा प्रत्येक प्रतिकार त्याच्या स्वतःच्याच मजकुरातली नक्कल करतानाची चूक असते. म्हणून रेझिस्टन्स येण्याचे रस्ते दोनच. एक, रुग्णाच्या फुप्फुसात अपुऱ्या औषधांमुळे तसे जंतू निवडले जातात. दोन, कुणा दुसऱ्याच्या फुप्फुसात आधीच निवडले गेलेले जंतू हवेतून तयार स्थितीत येतात. तुमच्या भावाने टीबीची औषधं घेतलेली नाहीत, त्यामुळे आयसोनियाझिडच्या बाबतीत दुसरा रस्ताच संभवतो. त्याची यात काही चूक नाही. त्याच्याबरोबर राहणाऱ्या पाच जणांना मात्र फोन करून तपासणीला जायला सांगा.

मेडिकलवाल्यांचा सल्ला आता तपासू. त्यासाठी थोडं गणित करावं लागेल, आणि ते वगळून पुढे जाऊ नका, कारण औषध का बदलायचं ते त्यातच आहे.

फुप्फुसात टीबीने पोखरून पोकळी केली असेल तर तिच्यात एक कोटीपासून शंभर कोटींपर्यंत जंतू असू शकतात. इतक्या नकला होताना चुका होणारच. औषधाचा एकही कण शरीरात जाण्याआधी, निव्वळ योगायोगाने, साधारण दहा लाखांत एक जंतू आयसोनियाझिडला न जुमानणारा असतो आणि दहा कोटींत एक रिफाम्पिसिनला न जुमानणारा. शंभर कोटींची वस्ती धरली तर पहिल्या प्रकारचे हजार आणि दुसऱ्या प्रकारचे दहा. दोन्हींना एकाच वेळी न जुमानणारा जंतू सापडायला एकावर चौदा शून्यं एवढी वस्ती लागेल. ती कुणाच्या फुप्फुसात मावत नाही. म्हणून औषधं एकत्र दिली की आयसोनियाझिडमधून सुटलेले हजार रिफाम्पिसिन टिपतं आणि रिफाम्पिसिनमधून सुटलेले दहा आयसोनियाझिड टिपतं. टीबीला चार-चार औषधं का, या जुन्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. औषध एकटं दिलं की काय होतं हे स्ट्रेप्टोमायसिनने दाखवून दिलं होतं. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत ते मिळालेले रुग्ण पहिल्या सहा महिन्यांत झपाट्याने सुधारले. मग जंतू दाद देईनासे झाले आणि पाच वर्षांनी औषध मिळालेल्या आणि न मिळालेल्या गटांतल्या मृत्यूंत फारसा फरक उरला नव्हता.

आता तुमच्या भावाचा हिशेब मांडा. त्याच्याकडे आलेले सगळेच्या सगळे जंतू आयसोनियाझिडला न जुमानणारे आहेत. त्यातले जे दहा योगायोगाने रिफाम्पिसिनलाही न जुमानणारे असतील, ते आपोआप दोन्ही मोठ्या औषधांना पुरून उरणारे झाले. ज्याला एमडीआर टीबी म्हणतात तो हाच. त्या दहांना रोखायला त्याच्या एकत्रित गोळीतल्या चार औषधांपैकी उरतात पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. पहिले दोन महिने ही दोन्ही चालू असतात म्हणून ताप जातो, वजन वाढतं, सगळं सुरळीत वाटतं. पण दोन महिने झाले की नेहमीच्या उपचारात पायराझिनामाइड थांबवतात आणि चार महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, इथॅम्ब्युटॉल एवढंच देतात. तुमच्या भावाच्या बाबतीत या तीन नावांत प्रत्यक्षात काम करणारी दोनच, आणि त्यातलं इथॅम्ब्युटॉल जंतू मारण्यापेक्षा त्यांची वाढ रोखण्यापुरतं. रिफाम्पिसिन जवळजवळ एकटं पडतं. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात, आयसोनियाझिड न चालणाऱ्या रुग्णांना नेहमीचीच औषधं दिल्यावर सुमारे ८ टक्क्यांत नवा प्रतिकार तयार झाला; सगळी औषधं चालणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १ टक्का होतं.

म्हणून 'गुण येतोय तर तेच चालू ठेवा' हे चुकीचं आहे. गुण पहिल्या दोन महिन्यांत येतो, धोका त्यानंतरच्या चार महिन्यांत असतो. रिपोर्ट पंचविसाव्या दिवशी आला, म्हणजे वेळ हातची गेलेली नाही.

'वर एक गोळी वाढवा' हा सल्ला त्याहून घातक आहे, आणि तरी केंद्रावर तुम्हाला ऐकायला मिळेल तेही वरवर तसंच वाटेल: आयसोनियाझिडच्या जागी लेव्होफ्लॉक्सासिन. मग फरक काय? टीबीच्या उपचारातला जुना नियम असा की हरत चाललेल्या औषधसंचात एकटं औषध कधी भरायचं नाही. बाकीची निकामी झालेली असतील तर ते नवं औषध एकटं लढतं आणि तेही जातं. मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २०११च्या अखेरीस चार रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, ज्यांच्या जंतूंवर तपासलेलं एकही औषध चालत नव्हतं. त्यांपैकी तिघांना वेगवेगळ्या खासगी डॉक्टरांनी दुसऱ्या फळीची, म्हणजे नेहमीची चालत नाहीत तेव्हा वापरायची, औषधं एकेक करून, अनेकदा चुकीच्या मात्रेत वाढवत नेली होती. तुमच्या भावाचा औषधसंच हरत चाललेला नाही. त्यातली तीन औषधं काम करताहेत आणि रिफाम्पिसिन चालतं हे दोन तपासण्यांनी दाखवलंय. लेव्होफ्लॉक्सासिन तिथे चौथं म्हणून येतं.

मात्र ते खरोखर चौथं आहे का, हे तपासायला हवं. तुमच्या पत्रातली आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटलेली ओळ तुम्ही जाताजाता लिहून टाकली आहे: मेडिकलमधून आणलेलं लेव्होफ्लॉक्सासिनचं पान. ते खोकल्यासाठी म्हणून घेतलं, पण ते टीबीच्या जंतूवरही चालतं. म्हणून तर थोडं बरं वाटलं आणि निदान लांबलं. पण त्या दहा दिवसांत टीबीवर ते एकटंच औषध होतं. जायरए नावाच्या जनुकात ९० व्या किंवा ९४ व्या ठिकाणी बदल झालेले जे थोडे जंतू असतील, त्यांना त्या दहा दिवसांत मोकळं रान मिळालं. दहा दिवसांत वस्ती पूर्ण पालटते असं नाही, बहुतेकदा पालटतही नाही. तरी त्याची खात्री तपासणीनेच करायची, अंदाजाने नाही.

तेव्हा केंद्रावर गेल्यावर ही गोष्ट कुणी विचारण्याची वाट न पाहता सांगा: किती मिलिग्रॅमची गोळी, किती दिवस, कधी. पान किंवा बिल असेल तर बरोबर न्या. आणि विचारा, 'सेकंड लाइन एलपीए (लेव्होफ्लॉक्सासिनसारख्या दुसऱ्या फळीच्या औषधांसाठीची) झाली का, तिच्यात जायरए आणि जायरबीचा निकाल काय आहे?' निकाल आला नसेल तर नमुना कुठे आहे ते विचारा. एलपीए थेट बेडक्यावर करायला त्यात जंतू भरपूर लागतात. कमी असतील तर आधी जंतूंचं संवर्धन करावं लागतं आणि त्यात आठवडे जातात, कारण हा जंतू दुप्पट व्हायलाच जवळपास एक दिवस घेतो. पुन्हा नमुना मागितला तर सकाळी उठल्याउठल्या, चूळ भरून, खोल श्वास घेऊन खोकून काढलेला दोन ते पाच मिलिलिटर घट्ट बेडका द्या. लाळ दिली की तपासणी वाया जाते आणि तोवरचे दिवसही.

लेव्होफ्लॉक्सासिन चालतंय असं निघालं तर उपचार साधारण असा असेल. रिफाम्पिसिन, इथॅम्ब्युटॉल, पायराझिनामाइड आणि लेव्होफ्लॉक्सासिन, चारही रोज, सहा महिने. नेहमीच्या उपचारासारखे दोन आणि चार महिन्यांचे टप्पे यात नाहीत. पायराझिनामाइड मध्ये थांबवत नाहीत. सहा महिने लेव्होफ्लॉक्सासिन सुरू झाल्या दिवसापासून मोजतात. आधीचे पंचवीस दिवस त्यात धरायचे नाहीत, भाऊ कुरकुरला तरी. एक्स-रेमध्ये आजार फार पसरलेला असेल तर हेच नऊ महिन्यांपर्यंत नेतात. प्रौढांसाठी लेव्होफ्लॉक्सासिनची मात्रा वजनानुसार ७५० ते १००० मिलिग्रॅम असते. मेडिकलमधून घेतलेली मात्रा यात गृहीत धरू नका. आणि वजन वाढत जाईल तसं विचारत राहा: भावाचं वजन आता ४८ आहे, ठरावीक टप्पा ओलांडला की गोळ्यांचा वजनगट बदलतो. औषध जुन्या वजनाचं आणि माणूस वाढलेल्या वजनाचा असं होऊ देऊ नका, कारण रक्तात औषध कमी पडणं हीसुद्धा जंतूंना दिलेली सवलतच असते.

लेव्होफ्लॉक्सासिन चालत नाही असं निघालं तर घरच्या घरी काही ठरवायचं नाही. त्याचा संच जिल्ह्याच्या डीआर-टीबी (औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या) केंद्रात बसवतात. आणि पुढेमागे रिफाम्पिसिनच गेलं तर रस्ताच बदलतो. मग बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन असा सहा महिन्यांचा उपचार येतो, ज्याला केंद्र सरकारने २०२४ मध्ये मान्यता दिली. तो चांगला आहे, पण त्यात रक्त, नसा, डोळे आणि हृदयाच्या ठोक्यांवर सतत लक्ष ठेवावं लागतं. ती वेळ येऊ नये म्हणूनच आत्ताचा हा खटाटोप.

गोळ्या घेण्यात एक घरगुती गफलत हमखास होते. टीबीच्या रुग्णाला दूध, हळदीचं दूध, कॅल्शियमच्या, लोहाच्या गोळ्या, आणि पित्त झालं की ते गुलाबी पातळ औषध, हे सगळं प्रेमाने दिलं जातं. लेव्होफ्लॉक्सासिन कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमला चिकटून बसतं आणि आतड्यातून रक्तात पोचतच नाही. रुग्णाने गोळी घेतलेली असते, कार्डावर टिकही झालेली असते, जंतूपर्यंत मात्र काहीच जात नाही. या गोष्टी गोळीच्या आधी आणि नंतर किमान दोन तास टाळा. दूध बंद करू नका, वेळ बदला. सकाळी उपाशीपोटी गोळ्या आणि दूध रात्री, हे जमायला सोपं आहे. रिफाम्पिसिनसाठीही उपाशीपोटच चांगलं. उलटी होतच असेल तर दुधाऐवजी थोडं काहीतरी हलकं, दोन घास पोह्यांचे वगैरे, खाऊन घेतलं तरी चालेल. गोळी चुकण्यापेक्षा ते बरं.

लघवी, घाम, डोळ्यांतलं पाणी नारिंगी होतं ते रिफाम्पिसिनमुळे, त्याला घाबरू नका. घाबरायचं ते अशा वेळी: डोळे पिवळे दिसणं, सतत मळमळ आणि जेवणाची शिसारी, लाल-हिरवा रंग ओळखताना गडबड, टाचेच्या वरची शीर दुखणं, छातीत धडधडून चक्कर येणं. यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एक चूक मात्र करू नका: 'या एका गोळीचा त्रास होतोय' असा स्वतःच तर्क करून तेवढी एक बंद करणं. ज्याला आपण एक गोळी कमी म्हणतो, त्यालाच वरच्या गणितात एक पहारेकरी कमी म्हणतात. काय थांबवायचं, सगळं की एक, ते डॉक्टर ठरवतील.

महिन्याला बेडक्याची तपासणी होईल. त्यासाठी पुन्हा ट्रूनॅट करून घेण्याचा आग्रह धरू नका. ते डीएनए शोधतं आणि मेलेल्या जंतूंचा डीएनए आठवडेच्या आठवडे बेडक्यात येत राहतो, त्यामुळे बरा होत असलेला माणूसही 'पॉझिटिव्ह' दिसतो. पाठपुराव्यासाठी सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी आणि जंतूंचं संवर्धन. ते मधल्या काळात पुन्हा पॉझिटिव्ह आलं, किंवा चौथ्या महिन्यानंतरही पॉझिटिव्हच राहिलं, तर रिफाम्पिसिन आणि लेव्होफ्लॉक्सासिन दोन्हींची एलपीए नव्याने मागा.

भावाला वेगळ्या घरात हलवायची गरज नाही. मद्रासमध्ये १९५६ साली सुरू झालेल्या अभ्यासात घरी औषध घेणारे आणि सॅनेटोरियममध्ये ठेवलेले रुग्ण यांची तुलना केली होती. घरी राहिलेल्यांच्या कुटुंबीयांत आजार जास्त पसरला नाही. लागण मुख्यतः उपचार सुरू होण्याआधीच होऊन गेलेली असते. खिडक्या उघड्या ठेवा, पहिले काही आठवडे त्याने मास्क लावावा आणि मुलीने त्याच्या खोलीत झोपू नये. ताटवाटी वेगळी करण्याने काही साधत नाही, माणूस मात्र दुखावतो.

मुलीचं मात्र लगेच बघायला हवं. पाच वर्षांखालच्या मुलांत लागण झाल्यावर आजार लवकर आणि गंभीर होऊ शकतो. आधी तिला टीबी झालेला तर नाही ना, हे बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या: वजन, खोकला, ताप, गाठी, छातीचा एक्स-रे. आजार नसेल तर प्रतिबंधक औषध देतात. इथे एक चूक होऊ शकते ती आधीच रोखा. मुलांना प्रतिबंधक म्हणून सवयीने दिलं जातं ते सहा महिने आयसोनियाझिड. तुमच्या घरात आलेल्या जंतूवर ते चालतच नाही. आठवड्यातून एकदा देण्याच्या तीन महिन्यांच्या संचातही अर्धं औषध आयसोनियाझिडच असतं. अशा घरांतल्या मुलांसाठी राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत चार महिने रोज रिफाम्पिसिन आहे, मात्रा वजनावर. तेव्हा मुलीला घेऊन जाल तेव्हा मामाचा एलपीए रिपोर्ट बरोबर ठेवा आणि आपणहून दाखवा. तिच्या केसपेपरवर फक्त 'घरात टीबी' एवढंच लिहिलं गेलं तर चुकीची बाटली हातात येईल. आईंची, बहिणीची आणि तुमचीही तपासणी त्याच फेरीत उरका.

औषधं आणि या तपासण्या सरकारी केंद्रात मोफत आहेत, खासगी डॉक्टरांकडे उपचार चालू असले तरी. भावाची निक्षय या सरकारी टीबी-नोंदणीत नोंद झाली का आणि बँक खातं जोडलंय का ते विचारा. पोषणासाठीचे महिन्याचे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १००० रुपये झालेत. काही अडलं तर १८००-११-६६६६ हा टीबीचा मोफत फोन क्रमांक आहे.

औषध बदललं की जुन्या एकत्रित गोळ्यांच्या पट्ट्या घरात उरतील. त्या कपाटात ठेवू नका आणि 'शेजारच्या काकांनाही खोकला आहे' म्हणून कुणाला देऊ नका. मोजून केंद्रावर परत करा.